भागाकाकूचा बर्फाचा इंतजाम

ये गं मंदा, अशी जवळ सरक. कागदावरून कशी सरकू म्हणशील, तर वाचता वाचता सरक, माझा आवाज आता लांब जात नाही. आणि आधी थोडी बोलणी खा. परवा तुझा फोन आला. "आजी, आम्ही डिसेंबरात बर्फात चाललोय, गाडीनं, घाटाघाटातून, दहा दिवस!" मी विचारलं, "इंतजाम कधीपासून चाललाय?" तर म्हणालीस, "झाला की! काल चहा पिता पिता अर्ध्या तासात सगळं ठरवून टाकलं." अर्धा तास! अगं, एवढा मोठा प्रवास आणि त्याची अर्धी मजा तुम्ही एका कपात संपवून टाकली? जाण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, खुशाल जा. पण ठरवायला माणसानं वेळ घ्यावा. आमच्या भागाकाकूनं पुरं एक साल घेतलं होतं. आणि त्या एका सालात आमची कुरुंद्याची सगळी गल्ली घरबसल्या हिमालयात जाऊन आली.

भागाकाकू आमची शेजारीण. नात्याची नव्हे, पण मधे एकच भिंत, आणि तीही काकूला बोलता यावं एवढ्याच उंचीची. मी लग्न होऊन कुरुंद्याला आले तेव्हा सोळाची होते. मोठी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन साल आधीची गोष्ट. काकू पंचावन्नच्या घरात असेल. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. हळदीचं रान, एक विहीर, आणि सरदार-पाखऱ्या नावाची बैलजोडी. उंच, हाडकुळी बाई, चालायची ती भरभर. जरा कुठं निघायचं तर तीन दिवस आधीपासून तयारी. कळमनुरीच्या बाजाराला जायचं असलं तरी गाडीत पाण्याची घागर, दोन दोर, एक जास्तीची कुऱ्हाड आणि तीन दिवसांच्या भाकरी. "काकू, संध्याकाळी तर परत येतो आपण," म्हटलं की म्हणायची, "अन् न्हाई आलो तर? बराबर इंतजाम पायजे." 'बराबर' हा तिचा शब्द. प्रत्येक वाक्याला ती तो खिळ्यासारखा ठोकायची.

उजवा डोळा तिचा गेलेला होता. कुणा फिरत्या वैदूनं मोतिया काढतो म्हणून सुई लावली आणि डोळाच गेला. आता डाव्यातही मोतिया उतरत होता. परभणीच्या एका डॉक्टरनं सांगितलं होतं, दोन हिवाळे, फार तर. पण पुन्हा कुणाला डोळ्याला हात लावू द्यायला ती तयार नव्हती. रोज सकाळी उंबऱ्यात बसून ती सुईत दोरा ओवायची. एका दमात ओवला गेला की दिवसभर खूश. दोन-तीनदा चुकला की घडीभर गप्प. तेवढीच काय ती गप्प.

मला एकदा म्हणाली, "पोरी, आंधळी व्हायचं तर व्हईन, त्याची तक्रार न्हाई. पण आत काय घेऊन बसू? हळदीचे वाफे? ते तर हातालाबी दिसतात. डोळ्यालाच दिसंल असं काईतरी आत भरून ठेवाया पायजे."

आणि तिनं ठरवलं होतं, आत बर्फ भरायचा. केदाराचा.

केदारच का, तर तिचं पूर्ण नाव भागीरथी. त्या नावाची नदी तिकडं बर्फातून निघते असं तिला कुणी गोसाव्यानं सांगितलं होतं. "माझ्या नावाची नदी वाहून राहिली अन् मी तिला वळखत न्हाई!" दुसरं कारण नागनाथ. औंढा आमच्या गावापासून गाडीनं एका सकाळच्या वाटेवर. नागनाथ म्हणजे आम्हाला घरातलाच कुणी कर्ता माणूस वाटायचा, आणि केदार त्याचा लांब राहणारा भाऊ. तिसरं कारण तिचा नवरा. तीस वर्षं तो तिला म्हणत राहिला, "पुढच्या साली नेतो." दर साली जायची वेळ आली की हळद काढायची वेळ यायची. तसाच एक दिवस तो वारला. तेव्हापासून तिच्या घरात 'पुढच्या साली' म्हणायची बंदी होती. पाहुणा चुकून बोलला तर ती त्याच्या पुढचा चहा उचलून न्यायची.

आता ऐक, खरी गंमत इथं आहे. कधी जायचं? तर शिवरात्रीला. औंढ्याला शिवरात्रीची केवढी जत्रा असते तुला माहीत आहे. मग केदाराला किती मोठी असेल! यात कुणाला काही शंकाच आली नाही. सगळ्या गल्लीनं मान डोलावली, मीही डोलावली. शिवरात्रीला पोचायचं म्हणजे मार्गशीर्षात निघायचं, आणि पौष-माघ म्हणजे ऐन कडाक्याच्या थंडीत, बर्फाच्या घाटातून, बैलगाडीनं वर चढायचं. रेल्वेनं जा म्हटलं तर ऐकेना. "रेल्वे टेसनं दाखवती, गावं न्हाई दाखवत. मला डोळ्यानं जायचंय."

काकूचा दीर होता, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते हसून म्हणाले, "जावा वहिनी, जावा. तुमची हळद मी शिजवून घेतो." ती कधी निघेल असं त्यांना स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

मग सुरू झाला इंतजाम.

पहिली गोष्ट वाट. ओढ्यापलीकडं तांडा होता, तिथला हरजी नाईक आणि त्याची बायको धरमी. हरजीचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर माल लादून पार उत्तरेपर्यंत जायचे. हरजी स्वतः शेती करायचा, नांदेडच्या पुढं गेला नव्हता. पण धरमीला तिच्या सासूनं एक गाणं शिकवलं होतं, त्यात वाटेवरच्या विहिरींची, नद्यांची नावं एकापुढं एक ओवलेली. काकूनं तिला अंगणात बसवलं. धरमी गायची, आणि काकू रांगोळीनं वाट काढायची. इथं विहीर, इथं वडाचा मुक्काम, इथं नदी. गाणं जमनेपर्यंत आलं आणि थांबलं.

"पुढं?" काकू म्हणाली.

हरजी म्हणाला, "पुढं न्हाई, याडी." त्यांच्यात आईला याडी म्हणतात, तो काकूला तसंच म्हणायचा. "आमच्या लोकांनी इथं माल उतरवला अन् माघारी फिरले."

"मग चार पावलं पुढं जाऊन बघता आलं न्हाई? आळशी मेले!"

"बैल रिकामे झाले की घरची याद येती, याडी."

काकूनं जमनेपुढं नुसते ठिपके दिले. दुसऱ्या दिवशी सडा पडला, वाट धुऊन गेली. मग रोज सकाळी ती नवी काढायची. लोकांच्या दारात कमळं आणि गोपद्मं, हिच्या दारात कुरुंदा ते केदार. गल्लीतल्या बायका पाण्याला जाताना जपून पाय टाकायच्या, "थांब गं, नर्मदेत पाय पडंल."

माझी सासू मोठी कडक. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्या काकूला 'येडी' म्हणायच्या, पण रोज मला हळूच म्हणायच्या, "जा, बघून ये, आज कुठवर पोचली ती." मी येऊन सांगायची, "आत्याबाई, आज चंबळ वलांडली." त्या पीठ मळता मळता थांबायच्या. "उतार मिळाला का डोंगा करावा लागला?" मला हसू दाबताना नाकात ठसका जायचा.

दुसरी गोष्ट थंडी. आदल्या फाल्गुनात गारांचा पाऊस झाला होता. सगळं गाव झोपलेला गहू बघून डोक्याला हात लावून बसलं होतं. काकूचाही गहू गेलाच होता. पण बाईनं काय करावं? परातभर गारा गोळा केल्या आणि अनवाणी त्यात उभी राहिली. मला म्हणाली, "मोज!" मी शंभरापर्यंत मोजलं. तिच्या पायांचा रंग वांग्यासारखा झाला. खाली उतरली आणि म्हणाली, "जमंल. बर्फ म्हंजी गारंचाच भाऊ असंल ना?"

मग अंगरखा शिवायचा ठरला. दुलईचं कापड, आत रुई. गल्लीतल्या सगळ्या बायका टाके घालायला बसल्या आणि जी येई ती म्हणे, "थंडी लई असती म्हणं, अजून मूठभर घाल." असा मूठ-मूठ करत तो अंगरखा एवढा फुगला की काकूनं अंगात घातल्यावर तिचे हात खाली येईनात. दोन्हीकडं पसरलेलेच. बुजगावणंच ते. "बराबर बसला," ती म्हणाली. "पण काकू, घास तोंडात कसा जाईल?" तिनं हात वाकवायचा प्रयत्न केला, जमेना. "धरमी चारंल," म्हणाली, कारण हरजी आणि धरमी तिच्यासोबत निघणार हे तोवर ठरलं होतं. धरमी खांबाला धरून हसत होती.

त्या थंडीत हिंग विकणारा पठाण आला. दर हिवाळ्याला यायचा. काकूनं त्याला ओट्यावर बसवला, भाकर-भाजी वाढली आणि चौकशी सुरू केली. पठाण बर्फाच्या मुलखातला, त्याच्याइतकं जाणतं माणूस कुठं मिळणार?

"खानसाब, बरफ कैसा रहता?"

"सफेद."

"वो मालूम है. पाँव रखा तो?"

"पाँव रखो तो अंदर."

"कितना अंदर?"

पठाणानं काकूकडं नीट बघितलं आणि स्वतःच्या छातीला हात लावला.

"अन् बैल?"

"बैल?" तो घास खाली ठेवून म्हणाला, "माँजी, बैल तो पूरा अंदर."

आम्ही भिंतीआडून ऐकत होतो, आत्याबाईंच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. पठाण पुढं म्हणाला, बर्फावर ऊन पडलं की त्याच्या चमकेनं डोळे जातात, म्हणून डोळ्यांवर काळं कापड बांधायचं, मधे बारीक फट ठेवायची. आता मात्र काकू भडकली. "मी बघाया चालले अन् हा म्हणतो डोळं बांध!" मग थोडा विचार करून तिनं जुन्या लुगड्याचा काळा तुकडा फाडला, त्याला डाव्या डोळ्यापुरती एक फट पाडली आणि तो घालून दोन दिवस गल्लीत फिरली. सराव म्हणून. खंडोबाच्या देवळापाशी कुणाच्या तरी म्हशीला धडकली, आणि म्हशीलाच म्हणाली, "बाजूला व्हय की, घाटात उभी राहती का?"

बैल पूर्ण आत जातात हे मात्र तिला लागलं. तिनं सरदार-पाखऱ्याला लोहाराकडं नेलं, खुरांना पत्र्या ठोकून घेतल्या, खिळे लांब ठेवायला लावले. पण बैलांना मऊमऊ ढिगातून चालायची सवय कुठून लावायची? मातीत पाय रुतणं वेगळं. पांढरं, मऊ, गुडघाभर असं काय आहे आपल्या मुलखात?

कापूस!

वसमतच्या जीनमधला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातला, मुनीम तिच्या माहेरचा, तिला अक्का म्हणायचा. जीनच्या आवारात कापसाचे डोंगर पडलेले असायचे. "घडीभर गाडी घालू दे, घाट चढून उतरते," असं काकूनं त्याला पटवलं. कसं पटवलं, देव जाणे. आम्ही पाच-सहा बायका बघायला म्हणून दुसऱ्या गाडीनं गेलो. आत्याबाई 'मला वसमतला काम हाय' म्हणून आल्या, काम कोणतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

काय थाट होता! काकू अंगरखा घालून, काळी पट्टी बांधून गाडीत उभी, हात दोन्हीकडं पसरलेले. हरजी कासरा धरून. समोर कापसाचा पांढराशुभ्र डोंगर, वर ऊन. "चल रं सरदार! चल पाखऱ्या! केदार आला!" बैल मोठ्या रुबाबात चार पावलं चढले, पोटापर्यंत कापसात गेले, आणि थांबले. हरजीनं चाबूक हलवला. हलेनात. काकू ओरडली, "दम लागला का त्यांना? पातळ हवा असती म्हणं वरती!"

हरजी वाकून बघतो तर दोघं खाली मान घालून चरत होते. अगं, कापूस वेचलेला, आत सरकी. घरी बैलाला सरकी मिळते ती ओंजळीनं, इथं तर डोंगरच. पाखऱ्याच्या तोंडातून पांढरी दाढी लोंबत होती. मुनीम डोक्यावरची टोपी काढून धावला, "अक्का, थांबव गं! माझा माल खाऊन राहिले!" हरजी इकडून ओढतोय, मुनीम तिकडून ढकलतोय, बैल ढिम्म. काकूला खाली उतरायचं तर अंगरख्यामुळं वाकता येईना. ती तशीच आडवी झाली आणि घरंगळत पायथ्याला आली. केसात कापूस, भुवयांना कापूस. आम्हाला वाटलं, रडते की काय. ती उठून बसली आणि म्हणाली, "घाट उतरायचं बराबर जमलं. आता चढायचं बघू."

आत्याबाई त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या. हसता हसता त्यांनी माझाच पदर डोळ्याला लावला.

मार्गशीर्ष लागला. निघायच्या आदल्या दिवशी नागनाथाचं तीर्थ तांब्यात भरून घ्यायला आम्ही औंढ्याला गेलो. तेच केदाराला वाहायचं होतं. काकूनं तांब्याचं तोंड मेणानं बंद केलं आणि पायऱ्यांवर येऊन बसली. तिथं एक गोसावी शेकोटी करून बसला होता, पायात चिंध्या गुंडाळलेल्या. काकूला अशी माणसं लांबून वास यावा तशी सापडायची.

"कुठून आलात महाराज?"

"केदार से, माई."

काकू जागेवरून उठली. तिनं आधी त्याच्या पायांना हात लावला, मग विचारायला सुरुवात केली. आम्ही शिवरात्रीला येतो, तेव्हा जत्रेत उतरायला जागा मिळते का? बैल कुठं बांधायचे?

गोसावी तिच्याकडं बघत राहिला. "माई, शिवरात्रि में वहाँ कौन? मंदिर के कपाट बंद. भाईदूज को बंद हुए. छह महीने सब बर्फ के नीचे."

"अन् देव?"

"देव को नीचे के गाँव ले आते हैं. पालकी में. मैं भी साथ उतरा."

पूजेच्या घंटा वाजत होत्या. धरमीनं काकूच्या दंडाला धरलं. मला वाटलं, आता ही बाई मोडणार. एका सालाचा इंतजाम, रोजची रांगोळी, आणि तो डोळा.

काकूच्या तोंडाचा आधी आ झाला. मग पोटातून कुठून तरी हसू आलं, ते वर येता येता वाढत गेलं. "आगं बाई! देव थंडीला भिऊन खाली पळतो, अन् मी म्हातारी त्याला भेटाया वर निघाले! दोघांची चुकामूक व्हायची वाटंत!" ती पायरीवर बसून मांडीवर थापा मारत हसली. गोसावीही हसला. मग डोळे पुसून तिनं एकच विचारलं, "कवा उघडतं?"

"बैसाख में. अक्षय तृतीया के आसपास."

"अन् तवा बर्फ असतो?"

"अरे माई, दोनों तरफ़ दीवार जैसा."

"मग झालं तर!" काकू उठली. "हितं शिवरात्र करू, नागनाथाला सांगून निघू, अन् देवाच्या मागंमाग वर जाऊ. बैलानं दोन-अडीच महिने लागतील. बराबर!"

बराबर होतं, पण तीन महिने लांबलं होतं. आणि त्या तीन महिन्यांत काय झालं ते फक्त मला माहीत आहे. पौषात दोरा ओवायला तीन वेळा लागायला लागले. माघात पाच. एका सकाळी मी भिंतीवरून बघितलं, तर तिनं सुई आढ्याच्या कडीपाटात खोचून टाकली. तिला मी दिसले.

"कुणाला बोलू नको, पोरी. लांबचं अजून दिसून राहिलं मला. डोंगर काय सुईएवढा असतो का?"

आणि ऐन शिवरात्रीच्या तोंडावर आबा उलटले. काकूच्याच ओसरीत सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, देवानंच दार लावून घेतलं, ह्याचा अर्थ समजून घ्या. हळद काढायला आली. तवा मी हो म्हणालो खरं, पण आता माझीच हळद माझ्यानं आवरंना. पुढच्या साली बघू."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं काय बोलले ते. काकूनं चहा उचलला नाही, काही केलं नाही. ती नुसती त्यांच्याकडं बघत राहिली. खरं तर त्यांच्या बाजूला बघत राहिली, कारण ते नेमके कुठं उभे आहेत ते तिला दिसत नव्हतं. ओसरीतल्या सगळ्यांना तेव्हा ते कळलं.

सगळ्यात आधी कोण बोललं असेल? माझी सासू. पदर खोचून म्हणाल्या, "आबा, तुमची हळद तुमी शिजवा. हिची आमी शिजवतो. माझी कढई घ्या, माझी सून घ्या. भागे, तू गाडी जुंप."

"अगं पण तू मला येडी म्हणतीस ना?" काकू म्हणाली.

"म्हणते. येड्या माणसाला वाटंत मधेच सोडत न्हाईत."

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. काकू, हरजी, धरमी, सरदार, पाखऱ्या. फाल्गुनाच्या तोंडचं ऊन असं की पायाखालची माती भाजत होती, आणि काकू रुईचा अंगरखा अंगात घालून बसलेली. घामाच्या धारा लागलेल्या. "काढ गं तो!" सगळ्या ओरडत होत्या. "वाटंत गर्दीत हरवला तर? अंगावर असला की बराबर," असं म्हणत दोन्ही हात पसरून ती गेली. आम्ही त्या फाल्गुन-चैत्रात तिची हळद काढली, शिजवली, वाळवली. हात कोपरापर्यंत पिवळे. शिजवता शिजवता गाणं म्हणायचो, धरमीचं, विहिरींचं, आणि रोज एक जण सांगायची, आज गाडी कुठं असेल.

दसऱ्याच्या आधी गाडी परत आली. बैल वाळलेले, हरजीची दाढी वाढलेली, धरमी गोरी झाल्यासारखी. काकू गाडीतून उतरली ती धरमीचा हात धरून. डावा डोळाही आता साईसारखा झाला होता. आम्ही सगळ्या भोवती जमलो आणि कुणालाच विचारायचा धीर होईना. शेवटी आत्याबाईंनीच विचारलं, "दिसलं का गं भागे?"

मग ती जे बोलायला लागली ते तीन दिवस. बैल पायथ्यालाच ठेवावे लागले, हरजी त्यांच्यापाशी थांबला. धरमी पायी चढली. काकूला एका पहाडी माणसानं पाठीवरच्या टोपलीत बसवून नेलं, तिचं तोंड मागं. "सगळा हिमालय मी उलटा चढले!" अंगरखा ओला झाला म्हणून काढून ठेवला, तर सकाळी गोठून स्वतःच्या पायावर उभा. पुजारी त्याला 'जय केदार' म्हणून गेला. बर्फ गारंचा भाऊ नाही, कापसाचा तर मुळीच नाही. नुकतं जात्यातून पडलेलं जोंधळ्याचं पीठ कसं असतं, तसा, पायाखाली करकरतो.

"अन् पैल्यांदा दिसला तवा?" मी विचारलं.

"पैल्यांदा? पोरी, सकाळच्याला त्यानं टोपली खाली ठेवली अन् मला फिरवून उभं केलं. मी डोळ्यावरची पट्टी काढली. सगळं पांढरं. खाली, वर, समोर, पांढरंच. मला वाटलं, गेला. एवढं येऊन नेमका आत्ताच डोळा गेला. धरमीलाबी सांगितलं न्हाई. गप उभी राहिले. अन् मग त्या पांढऱ्यातून एक कावळा उडून गेला, काळाभोर. इकडून तिकडं, पार शेवटपर्यंत दिसला मला. तवा कळलं. डोळा शाबूत हाय, समोरच पांढरं हाय."

आत्याबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

त्यानंतर वर्षाच्या आत तिचं दिसणं पूर्ण गेलं. पण घर ओसाड पडलं नाही, उलट भरलं. कुणाला काशीला जायचं असो, नाही तर नुसतं नांदेडला, इंतजाम विचारायला माणसं तिच्याकडं यायची. मी तिला शेवटची बघितली ती औंढ्याच्या जत्रेत. पुढं आम्ही कुरुंदा सोडून इकडं आलो. देवळाच्या बाहेर चिंचेखाली ती बसलेली होती, भोवती वीस-पंचवीस माणसं, विदर्भाकडची यात्रेकरू मंडळी. "शिवरात्रीला तिथं कुणी नसतं बरं का, देव खाली आलेला असतो. पायात काय घालणार तुमी? दाखवा. हे? ह्यानं तुमी पायथ्याचं गौरीकुंडसुद्धा बघणार न्हाई." माणसं खाली वाकून तिच्याशी बोलत होती, आणि ती मात्र बोलताना त्यांच्या तोंडाकडं वळत नव्हती. तिची मान वर होती, चांगलीच वर, जिथं आपल्याकडं नुसतं आभाळ असतं. नजर तिथंच लागलेली, आणि चेहरा असा उजळलेला की चार माणसांनी मागं वळून वर बघितलं.

मी हाक मारणार होते. मारली नाही. तिचा घाट चालला होता.

तर असं आहे बघ, मंदा. आता तुमचं ते ठरलंय ते ठरू दे, पण निघायच्या आधी दोन दिवस माझ्याकडं ये. तुझ्या नवऱ्यालाही आण. ओल्या हळदीचं लोणचं घातलंय, भाकरी मी थापीन, अजून येतात हाताला गोल. लोकरीचं काय घेतलंयस, पायात काय घालणार, तेही घेऊन ये, मला बघायचंय. ओसरीत बसून बोलू. ये गं, लवकर ये, मी दार ओढून घेत नाही.